पाण्याचा दिवस

पाण्याचा दिवस होता, म्हणून मी गेले नाही.
पाच दिवसांनी नळ येतो. त्या दिवशी आईला मॅच नसते.
दुसरं बॅरल निम्मं झालं असेल,
बोळात स्कूटर वाजली.
साडेदहा.
वाजायला हवी होती संध्याकाळी पाचला.

ह्यांनी हेल्मेट काढलं नाही.
लास्या मागून उतरली, दारात बूट काढले,
तळव्यांची माती झटकली,
झटकून झाली तरी झटकतच राहिली,
आणि म्हणाली, "अम्मा, पाइप वाहतोय."
खरंच वाहत होता.

सहा-तीन, सहा-चार.
हे नंतर ह्यांनी सांगितलं,
लाइटबिलाचा आकडा सांगावा तसं.
डबा उघडलाच नव्हता.
पुलिहोऱ्यातले शेंगदाणे अजून कुरकुरीत.

कालच्या पेपरात तिचा फोटो होता:
पहिलं मानांकन, घरचं मैदान.
बोगम वहिनींनी कात्रण त्यांच्या फ्रीजवर लावलंय.
काढा म्हणून कसं सांगायचं?

आणि खरी अडचण तर पुढेच.
जिंकलेली पोरगी आमच्याच घरी उतरलेली.
किमया भोळे, जळगावची.
तिच्या आईचा फोन आला होता,
लॉज परवडत नाही, पोर एकटी.
मी म्हटलं, पाठवा की.
ड्रॉ त्यानंतर पडला.
लास्याचं नाव सगळ्यात वर,
त्याच्या खाली चिठ्ठीत निघालेलं हिचं.
रात्री दोघी त्यावर पोट धरून हसल्या होत्या.

ती एकला आली. उंबऱ्याबाहेरच थांबली.
"काकू, बॅग घेऊन जाते. बघते कुठंतरी."
पंधरा वर्षांची. सकाळपासून उपाशी,
ते काय, चेहऱ्यावरच दिसतं.
खोटं कशाला सांगू,
क्षणभर वाटलं, जा.
मग म्हटलं, "हात धू. आज पाणी आहे."

दुपारभर टॉवेलच्या कडा शिवल्या.
एक अख्खं डझन उसवावं लागलं.
टीप सरळ होती, टॉवेल उलटा.
तीन वर्षांची कोर्टाची फी, बॉल, बूट
म्हणजे किती डझन, ते मला पाठ आहे.
मी कधी कुणाला बोलले नाही.
लास्याला ठाऊक आहे.
तेच नको होतं.

रात्री दोघी एका चादरीत. मोराची, डबल,
थंडीला आमच्याकडे दुसरं काही लागत नाही.
मी भांडी पालथी घालत होते, कुजबुज ऐकू आली.
"दोन नंबर कोर्ट आहे ना,
टाकीकडच्या बाजूला, मागच्या रेषेजवळ,
माती खचलीय तिथं. बॉल उठतच नाही.
उद्या तिथं मार."
"मग आज तू का नाही मारलास?"
बराच वेळ काही नाही.
"मारला की.
चार वेळा. बाहेर गेला."
मग एकीला हसू फुटलं.
कुणाला, ते भिंतीआडून कळलं नाही,
आणि ते हसूच होतं, असंही नाही सांगता येत.

सकाळी हे किमयाला सोडायला गेले.
डबा एक भरायचा होता, हात दोन भरून बसला.
दुसरा तसाच ओट्यावर.
आठ झाले. साडेआठ.
लास्या उठली नाही.
पहाटे साडेचारला उठणारी पोर,
तिच्या पायांवर ऊन आलेलं
मी तीन वर्षांत पहिल्यांदा बघितलं.
उजव्या अंगठ्याचं नख काळंनिळं.
कधीपासून?

शेटचा माणूस अकराला येणार, चार डझन मागणार.
मी मोटरच्या बटणापर्यंत हात नेला,
मागे घेतला.
सुई शोधली, उजेडात दोरा ओवला,
उंबऱ्यावर बसले.

नऊपर्यंत
दोनच टॉवेल झाले.